शेवटी वर कोण आलं?

माझी सगळी कारकीर्द एका मापाड्यावर उभी होती, आणि तो मापाडी कधी नव्हताच, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी हरिपुरात कळलं. त्याआधी मला ते दोनदा सांगून झालं होतं. दोन्ही वेळा सांगणारा माणूस चौथीच्या पुढे शिकलेला नव्हता, म्हणून मी ऐकलं नाही.

मी माया. चीनच्या आर्थिक इतिहासाची अभ्यासक. जत तालुक्यातल्या धनगराची पोर चिनी भाषा शिकली आणि त्यावर पंचवीस वर्षं पोट भरलं, याचं माझ्या नातेवाइकांना अजून नवल वाटतं. निवृत्तीनंतर मी साताऱ्यात घर घेतलं. आमच्या सोसायटीत मला ‘चायनावाल्या मॅडम’ म्हणतात आणि कुणाचा स्वस्तातला मोबाइल बंद पडला की मला विचारायला येतात. करोनाच्या दोन वर्षांत तर लोक माझ्याकडे असे बघायचे, की जणू तो मीच पिशवीत घालून आणला होता. मी तोंडाची फटकळ आहे, त्यामुळे माझं कुणाशी फार जमत नाही, आणि त्याचं मला फार वाईटही वाटत नाही.

आता मापाड्याचं सांगते. पिवळ्या नदीच्या खोऱ्यात एक जुनी राजधानी आहे. तेराशे वर्षांपूर्वी तिथं सरकारी धान्य जमिनीखाली साठवत. आपल्याकडे असतात तशीच पेवं, फक्त आकारानं प्रचंड. पेव भरून तोंड बंद करायच्या आधी आत एक कोरलेली वीट टाकत. पेव कितवं, धान्य कुठून आलं, तारीख काय, आणि मग नावं. अधिकाऱ्याचं नाव, त्याच्या हाताखालच्याचं, पहाऱ्यावरच्याचं, सगळी हुद्द्यासकट. आणि सगळ्यांच्या शेवटी एक नाव असायचं, त्याला हुद्दा नसायचा. हा बिनहुद्द्याचा माणूस कोण, हा माझ्या प्रबंधाचा विषय. मी सांगलीच्या बाजारपेठेजवळ वाढलेली, हमाल-मापाडी बघत मोठी झालेली. मी म्हटलं, हा मापाडी, धान्य मोजून घेणारा. एवढं मोठं साम्राज्य शेवटी एका मापाड्याच्या शब्दावर चालायचं, असं मी मांडलं. लोकांना ते आवडलं. मला नोकरी लागली, परदेशातून बोलावणी आली. आमच्या विभागात त्याला ‘मायाबाईंचा मापाडी’ म्हणायचे.

फक्त एक वीट माझ्या विरोधात होती. एकोणिसाव्या पेवातली. तिच्यावर सगळी नावं होती, शेवटचं नव्हतं. त्याच्यासाठी जागा घासून गुळगुळीत करून ठेवली होती, आणि ती तशीच रिकामी होती. १९९४ साली मी ती वीट तिथल्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पाहिली. त्या खोलीची जबाबदारी एका वयस्क बाईंकडे होती. बाकीच्या सगळ्या विटा त्या उताण्या ठेवायच्या आणि ही एकटी पालथी. मी उलटून बघायची, जेवून परत येईपर्यंत ती पुन्हा पालथी. सहा महिन्यांत त्या या बाबतीत माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. ‘‘ती तशीच बरी,’’ म्हणाल्या. त्याच पेवाच्या तळाशी, कोळसा झालेल्या धान्यात, एका शिडीचे दोन खांब उभे सापडले होते. दुसऱ्या कुठल्याच पेवात शिडी नव्हती. मी एका तळटीपेत दोन्ही गोष्टी उरकून टाकल्या. नाव कोरणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे राहिलं आणि शिडी कामगार विसरले.

माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा मी ते घेऊन वडिलांकडे गेले होते. माझे वडील आकाराम. पाऊस दगा द्यायचा तेव्हा मेंढरं भावावर सोपवून ते हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर हमालीला यायचे, आणि पुढे तिथलेच झाले. त्यांनी विटेचा फोटो बराच वेळ बघितला. ‘‘ह्यो शेवटचा कोन?’’ मी म्हटलं, मापाडी. ते म्हणाले, ‘‘न्हाई गं. ह्यो शेवटी वर आलेला आसंल.’’ मी हसले. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा राग आला. तळटीप द्यायची तर पुस्तकाची द्यावी लागते, बापाची देता येत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. पुढं ते वारले.

गेल्या मार्चमध्ये हे सगळं वर आलं. परदेशातली एक प्रकाशनसंस्था माझे आयुष्यभराचे लेख एकत्र छापणार होती. हस्तलिखित त्यांनी एका परीक्षकाकडे पाठवलं. परीक्षकाचं नाव सांगत नाहीत, पण माणूस हुशार होता. त्यानं तीनच ओळी लिहिल्या. एकोणिसाव्या पेवात मापाडी नव्हता तर धान्य मोजलं कुणी? शिडी विसरते कशी? एप्रिलअखेर समाधानकारक उत्तर न आल्यास हे प्रकरण वगळावं. ते प्रकरण वगळलं की पुस्तकात राहतं काय, तर माझा फोटो.

नेमका त्याच आठवड्यात लालासाहेबांचा फोन आला. लालासाहेब म्हणजे सांगलीतले हळदीचे व्यापारी, माझं एक भाषण ऐकल्यापासून माझे भक्त. सणावाराला न चुकता हळदीची पुडी पाठवणारे. त्यांनी सांगितलं, की हरिपूरची बहुतेक पेवं पुरात गेली, आता सगळा माल कोल्ड स्टोरेजला जातो, पण हौस म्हणून ते अजून एक पेव जुन्या पद्धतीनं भरतात. आणि पेव बंद करताना वरच्या फरशीवर चुन्यानं एक नाव घालतात.

‘‘कुणाचं नाव? मापाड्याचं ना?’’ मी विचारलं.

‘‘व्हय व्हय मॅडम, मापाड्याचंच असणार की.’’

संशोधकानं असा प्रश्न विचारू नये, हे मी स्वतः पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. पण मला त्या दिवशी उत्तर हवं होतं, आणि मिळालं. फरशीच्या शेजारी मी, फरशीवर शेवटचं नाव, असा फोटो प्रकरणाच्या सुरुवातीला टाकायचा असं मी उंब्रजपर्यंत ठरवूनसुद्धा टाकलं. कऱ्हाडला चहा प्यायले तेव्हा फोटोखालचा मजकूर तयार होता.

हरिपुरात पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चिंचेच्या झाडापलीकडे मोकळ्या रानात पेवाचं तोंड होतं, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत ते घागरीसारखं पसरत जातं. मुकादम होते नाथाजी. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. आत उतरून काम करणारा होता हरिबा, पन्नाशीचा, काटक, कोपरापर्यंत पिवळा. नखांतली हळद आता जन्मात निघायची नाही, असं त्यानंच मला हसत सांगितलं. शिवाय दोन हमाल होते, ते गाडी घेऊन पुढं दुसरीकडे जायच्या घाईत होते.

माल कमी म्हणून पेव निम्मंच भरलं होतं. नाथाजींनी आधी कंदील सोडला. आत हवा धड नसली की ज्योत विझते, आणि मग कुणी उतरायचं नाही. ज्योत राहिली. तेव्हा मी म्हटलं, मलाही उतरायचंय. नाथाजींना ते आवडलं नाही. लालासाहेब म्हणाले, ‘‘आवं तात्या, एवढ्या चीनवरनं मॅडम आल्यात.’’ मी साताऱ्याहून आले होते, पण ते मी दुरुस्त केलं नाही.

शिडी तोंडाच्या हातभर खालीच संपत होती; तिच्यावरून पंधराएक फूट खाली गेले. पायाखाली हळकुंडं सरकत होती. आत गार होतं, आणि वास एवढा दाट की तो जिभेवर यायचा. मला सगळ्यात विचित्र वाटला तो आवाज. मी बोलले की शब्द माझ्या तोंडापाशीच थांबत होते, पुढं जात नव्हते. वर चार माणसं गप्पा मारत होती, त्यातलं एक अक्षर खाली येत नव्हतं.

‘‘हरिबा, हे नाथाजी किती वर्षं...’’

‘‘बाई,’’ त्यानं मला मध्येच थांबवलं. ‘‘हितं आत कुनाचं नाव घिऊ नका. नाव वर गेल्यावर.’’

‘‘का?’’

‘‘आमच्यात न्हाई घेत.’’

मी टेपनं मापं घेतली. हरिबा कडेच्या अंधारात हळकुंडांवर उसाचं पाचट अंथरत होता. मधेच मला वाटलं, की माझ्या डाव्या हाताला शिडीच्या पायाशी कुणीतरी उकिडवं बसलंय. वळून बघितलं तर काही नव्हतं. कोपऱ्यात हरिबाची सावली असेल म्हटलं, पण हरिबा माझ्या उजवीकडे होता. डोकं गरगरायला लागलं. हरिबानं माझा दंड धरून मला शिडीवर चढवलं आणि खालून म्हणाला, ‘‘चला तुमी, म्या आलोच मागनं.’’

वर आल्यावर मी चिंचेखाली जाऊन डोळे मिटून पडले. किती वेळ ते सांगता येणार नाही. दहा मिनिटं असतील. लालासाहेब वर्तमानपत्रानं वारा घालत होते. डोळे उघडले तेव्हा हमाल फरशी सरकवायच्या तयारीत उभे होते आणि नाथाजी हातात चुन्याचं भांडं घेऊन विचारत होते, ‘‘शेवटी वर कोन?’’

लालासाहेबांनी मोबाइल काढला. ‘‘मॅडम, तुमचंच नाव घालूया की! फोटोला लय भारी दिसंल. तुमच्याच पुस्तकात तुमचंच नाव!’’

‘‘आवं, तसं न्हाई हुत,’’ नाथाजी म्हणाले. ‘‘शेवटी वर आला त्येचंच घालायचं. त्येनं हितं हुबं ऱ्हाऊन आपल्या तोंडानं सांगायचं, की म्या शेवटचा, माज्या मागं आत कोन न्हाई. मंगच फरशी. मापाड्याचा काय संबंध न्हाई त्यात.’’

मी ते ऐकलं. अगदी नीट ऐकलं. वडिलांचं वाक्य होतं ते, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि माझ्या मनात काय आलं, तर हे आता परीक्षकाला कळता कामा नये. लालासाहेब फोटो काढतील, खाली मी ‘मापाड्याचं नाव’ असं लिहीन, कोण येतंय हरिपुरात तपासायला!

‘‘हरिबा कुठं हाय?’’ नाथाजींनी विचारलं.

‘‘ग्येला आसंल हात धुवाया,’’ एक हमाल म्हणाला. त्यांना उशीर होत होता.

नाथाजी माझ्या जवळ आले. त्यांना माझा चेहरा दिसत नसावा, कारण ते फार जवळ आले. ‘‘बाई, शेवटी तुमीच का? तुमच्या मागं आत कोन न्हाई न्हवं?’’

मला माहीत नव्हतं. आणि आपल्याला माहीत नाही, हे मला माहीत होतं. मी डोळे मिटून पडले होते, हरिबाला वर येताना मी पाहिलं नव्हतं. पण ऊन छान पडलं होतं, फरशी स्वच्छ होती, आणि मला तो फोटो हवा होता.

‘‘मीच शेवटची,’’ मी म्हटलं.

फरशी बसली. वर पाचट, त्यावर ओली माती दाबली, मधली जागा मोकळी ठेवली, आणि नाथाजींनी चुन्यात बोट बुडवून लिहिलं, माया. लालासाहेबांनी सात-आठ फोटो काढले. हमाल गाडी घेऊन गेले. आम्ही शेडमध्ये चहाला बसलो. गवती चहा घातलेला, फार चांगला झाला होता, ते अजून आठवतं.

लालासाहेबांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. ‘‘बघा मॅडम, कसा आलाय.’’ फोटोत मी होते, फरशी होती. मागं रिकाम्या पाट्या, दोराचं भेंडोळं, कंदील. मी फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला. सवयच आहे ती, तीस वर्षं मी फोटोच वाचत आले. काहीतरी कमी होतं.

शिडी नव्हती.

तीस वर्षं मी लिहीत आले होते, की कामगार शिडी विसरले. त्या क्षणी मला कळलं, की शिडी कुणी विसरत नाही. शिडी वर ओढायला माणूस आधी वर यावा लागतो.

‘‘तात्या, शिडी कुठंय?’’ मी ओरडले. नाथाजींच्या हातातली बशी खाली पडली. ते अनवाणी धावले, एवढा म्हातारा माणूस. आम्ही तिघांनी हातांनी माती उकरली. फरशी आम्हाला हलेना. रस्त्यावरून चाललेल्या एका टेंपोतली माणसं बोलवावी लागली. फरशी सरकली तेव्हा आतून कसलाच आवाज आला नाही. हरिबा शिडीच्या पायाशी उकिडवा बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. फरशी बसून अर्धा तास तरी झाला होता.

टेंपोवाल्यांपैकी एकानं नाकातोंडाला टॉवेल बांधून त्याला दोरानं वर घेतलं. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो कुणालाच ओळखत नव्हता. दोन दिवस ऑक्सिजनवर होता. मग शुद्धीवर आला, जगला. हे आधीच सांगून टाकते, कारण ते दोन दिवस मी कसे काढले ते मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही.

मला वाटलं होतं, लोक मला बोल लावतील. कुणी लावला नाही. लालासाहेबांनी दवाखान्याच्या दारातच सगळ्यांना सांगितलं, की हरिबा आत डुलकी काढत बसला, आणि म्हाताऱ्याला दिसत नाही तरी मुकादमकी सोडवत नाही. मॅडमचा काय दोष, त्या पाहुण्या. नाथाजींना त्यांनी घरी बसायला सांगितलं. हरिबालाही पुढं कामावर घेणार नव्हते. मी तिथंच उभी होते. मी काही बोलले नाही. मला एवढं बरं वाटलं, की त्याची अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी हरिबाला भेटले. त्याची बायको हरणाबाई स्टुलावरून उठून मला जागा करून देत होती, पाहुण्या म्हणून. हरिबाचा आवाज खरखरीत झाला होता.

‘‘लई वरडलो बाई,’’ तो म्हणाला. ‘‘कडंला पाचट सारत हुतो. उजेड ग्येला. मला वाटलं, ढग आला. मंग फरशीचा आवाज. वरडून वरडून दमलो आन गप बसलो. तवा ऐकू आलं.’’

‘‘काय?’’

‘‘आत आनि एक हुता.’’

‘‘कुठं?’’ मी विचारलं.

‘‘शिडीच्या बुडाला. दिसला न्हाई. पर बोलत हुता. आपली भाषा न्हवं. त्येच त्येच म्हनायचा. तीनदा म्हनायचा आन थांबायचा. पुन्ना तीनदा, पुन्ना थांबायचा. पयलं मी भ्यालो. मंग माज्या ध्यानात आलं, त्यो नाव सांगतोय. आमी वर आल्यावर सांगतो तसं. त्यो सांगायचा आन वाट बघायचा, की वर कुनी घेतंय का. कुनी घेत न्हवतं. मंग मी बी त्येच्यासंगं माजं सांगाया लागलो. तेवढीच सोबत.’’

हरणाबाईनं डोळ्याला पदर लावला. आणि अशा वेळी माझ्या तोंडून काय निघालं? त्या माणसाला मी मारायला निघाले होते, त्याच्या नाकात अजून नळी होती, त्याला एक शब्द चांगला बोलायचा सोडून मी स्टूल पुढं ओढलं आणि विचारलं, ‘‘काय नाव सांगत होता?’’

एकोणिसावी वीट. रिकामी जागा. मला ते नाव हवं होतं, दुसरं काही नाही.

हरिबानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ‘‘त्येचं इचारतायसा,’’ तो म्हणाला. ‘‘फरशी लावताना माजं कुनी इचारलं?’’

मी उठले आणि बाहेर आले. जिन्यात बसून रडले. माझ्यासारख्या बाईचं रडणं बघायला चांगलं नसतं, एक नर्स येऊन पाणी देऊन गेली.

त्याच दुपारी मी लालासाहेबांच्या गोदामात गेले. नाथाजींना घरून बोलावून घेतलं. हमाल होते, आडतीवरची माणसं होती, शेजारच्या दुकानातलेही जमले. सगळ्यांसमोर सांगितलं, की हरिबा झोपला नव्हता. नाथाजींनी मला बरोबर तोच प्रश्न विचारला होता आणि मी माहीत नसताना ‘मीच शेवटची’ म्हटलं, फोटोसाठी. लालासाहेब म्हणत राहिले, जाऊ द्या मॅडम, जाऊ द्या मॅडम. मी म्हटलं, जाऊ कसं देऊ, तुम्ही दोन माणसांचं काम काढून घेतलंत. ते तांबडेलाल झाले. पण त्यांनी दोघांनाही परत घेतलं. नाथाजींनी माझ्याकडे न बघता एवढंच म्हटलं, ‘‘आकारामची लेक न्हवं तुमी? त्येनं आसं कदी क्येलं नसतं.’’ वडिलांना ते ओळखत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

मग साताऱ्याला येऊन मी परीक्षकाला उत्तर लिहिलं. मापाडी नव्हता. शेवटचं नाव शेवटी वर आलेल्याचं आहे, आणि एकोणिसाव्या पेवातून कुणीतरी वर आलं नाही. त्यानं आठ दिवसांत कळवलं, की मांडणी विलक्षण आहे, पण पुरावा काय? पुराव्यादाखल मी हरिपूरची सगळी हकीगत लिहिली, माझ्या खोट्या शब्दासकट. वडिलांचं वाक्यही घातलं, त्यांच्या नावानं. प्रकाशकांनी वकिलाचा सल्ला घ्या म्हटलं, मी घेतला नाही. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी एकमेकांना फोन केले, की मायाबाईंचं वय झालं. एका माजी विद्यार्थ्यानं तर मला सरळ विचारलं, ‘‘मॅडम, सगळं आयुष्यच खोडून टाकायचं का?’’ मी म्हटलं, आयुष्य नाही, एक तळटीप.

मे महिन्याच्या शेवटी मी हरिबाच्या घरी गेले. ते प्रकरण मराठीत करून नेलं होतं. अंगणात बसून त्याला सगळं वाचून दाखवलं. तो मन लावून ऐकत होता, हरणाबाई तांदूळ निवडत होती. जिथं मी ‘मीच शेवटची’ म्हणते तिथं तो म्हणाला, ‘‘हे तुमी लिवलंय? छापनार?’’ मी हो म्हटलं. मी काही विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हते.

‘‘मंग ऐका,’’ म्हणाला, आणि त्यानं ते नाव सांगितलं. तीनदा.

हरिबा सांगली जिल्ह्याच्या बाहेर फक्त तुळजापूरला गेलाय. टीव्हीवर त्यानं चिनी ऐकलं असेल, नाही असं नाही. पण त्यानं सांगितलेलं नाव दोन तुकड्यांचं होतं, आणि पहिल्या तुकड्याच्या शेवटी एक तुटका ‘क्’ होता. त्या जुन्या राजधानीत आज कुणीही असा ‘क्’ उच्चारत नाही. तेराशे वर्षांपूर्वी उच्चारायचे. तो कसा असेल हे आम्ही जुन्या यमकांच्या कोशांवरून ताडतो, आणि जगात ते ताडणारी माणसं एका बसमध्ये मावतील. मी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या तोंडून ऐकला, हरिपुरात, मे महिन्याच्या उन्हात. भीती वाटली. आणि त्याहून जास्त, त्या माणसाची दया आली.

हे नाव मी छापणार कुठं? विटेच्या तक्त्यात टाकलं तर परीक्षक पुस्तकच परत पाठवेल, आणि बरोबर करेल. हरिबाची साक्ष कुठल्याच इतिहासात चालत नाही. खूप विचार केल्यावर लक्षात आलं, की पुस्तकात एक पान असं असतं की तिथं पुरावा मागत नाहीत. अर्पणपत्रिका. चिनी लिपीत लिहायचं तर कुठली अक्षरं त्याची, हे मला ठरवता येईना, एका उच्चाराला पाच-पाच अक्षरं निघतात. देवनागरीत मात्र आवाज जसाच्या तसा बसला. इंग्रजी पुस्तकाच्या पाचव्या पानावर देवनागरीत दोन नावं, एकाखाली एक. पहिलं हरिबाचं, दुसरं त्याचं. प्रकाशकांनी भाषांतर मागितलं. मी म्हटलं, नावांचं भाषांतर नसतं.

पुस्तक यंदा जानेवारीत निघालं. पहिली प्रत घेऊन मी हरिपूरला गेले. हरिबानं हात धुऊन, धोतराला पुसून पुस्तक घेतलं. पाचवं पान काढून दिलं तसं त्यानं आपलं नाव बोट ठेवून वाचलं, मग खालचं वाचलं, पुटपुटत. मला वाटलं, त्याला आनंद होईल. त्यानं पुन्हा वरच्या नावावर बोट ठेवलं.

‘‘चुकलं बाई,’’ म्हणाला. ‘‘त्येचं वर घ्याला पायजे हुतं. मी अर्दाच तास थांबलो.’’